त्याला बावीस वर्षं लागली



माळव्यातल्या मराठी घरात गाण्यांच्या आठवणी निघाल्या की देवासचे कुमारजी आणि इंदूरचे अमीर खाँसाहेब ठरलेले. आमच्या गौतमपुऱ्याच्या घरातली एक आठवण मात्र अमेरिकेतल्या पंक रॉकची आहे.

२००५ च्या सुरुवातीला हे गेले. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. दिवस, पिंड, तर्पण, सगळं त्याने गुरुजी सांगतील तसं केलं. पण डोळ्यांत टिपूस नाही. "पोरगा घट्ट आहे हो," बायका म्हणायच्या. मला त्या घट्टपणाचीच धास्ती वाटायची. वडिलांचं नाव निघालं की तो उठून जायचा.

पुढच्या वर्षी इंदूरच्या आतेभावाने त्याला एक सीडी दिली. ग्रीन डे या बँडचा 'अमेरिकन इडियट', २००४ चा अल्बम. दार लावून तो तासन् तास तेच ऐकायचा. सासूबाई म्हणायच्या, "हे गाणं आहे की हिंगोट?" पाडव्याच्या हिंगोट युद्धाचा धुडूमधडाम आयुष्यभर ऐकलेली बाई, तिनेही कानांवर हात ठेवले!

वर्षश्राद्धानंतरचा पहिला पितृपक्ष २००६ च्या सप्टेंबरात आला. एका संध्याकाळी मी त्याच्या खोलीत जाऊन बसले. तेव्हा नेमकं एक संथ गाणं सुरू झालं. "हे पण त्यांचंच?" मी विचारलं.

मग तो बोलायला लागला. अल्बम जवळजवळ तयार असताना २००३ मध्ये त्याच्या टेप चोरीला गेल्या. तोच पुन्हा रेकॉर्ड करायचा सोडून त्यांनी सगळा नवा लिहिला. पंकची गाणी दोन-तीन मिनिटांत संपतात, पण यात दोन गाणी नऊ-नऊ मिनिटांची आहेत. एका छोट्या गावाला कंटाळून शहरात गेलेल्या मुलाची गोष्ट आहे.

"आणि हे गाणं?"

"'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स'. गाणारा बिली जो आर्मस्ट्राँग. त्याचे बाबा ट्रक चालवायचे, जॅझही वाजवायचे. १९८२ च्या सप्टेंबरात कॅन्सरने गेले. हा दहा वर्षांचा होता." थोडा थांबून म्हणाला, "आई, त्याला हे गाणं करायला बावीस वर्षं लागली."

मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा कुठे तो रडला. खूप रडला. मग बाबांची स्कूटर, त्यांनी शिकवलेली सायकल, दवाखान्यातली शेवटची रात्र, असं काय काय सांगत राहिला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, काही न बोलता आत आल्या आणि आमच्या शेजारी बसल्या.

आता तो पुण्याला नोकरीला आहे. इंग्रजी गाणी मला आजही कळत नाहीत. पण घरातल्या वयात आलेल्या मुलाने दार लावून काही ऐकलं, तर एकदा आत जाऊन "हे कोण गातंय रे?" एवढं जरूर विचारा.

दर सप्टेंबरात त्याचा फोन येतो. "आई, यंदा बाबांची तिथी कधी आहे? रजा टाकतोय."