सुताची ऊब

आमच्या बुऱ्हाणपुरास हिमाची ओळख नाही. तापीकाठचे हे गाव प्रसिद्ध आहे ते उन्हाळ्यासाठी; वैशाखात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. थंडी येते ती मार्गशीर्ष-पौषात, पाहुण्यासारखी. सातपुड्याकडून वारा सुटतो, पहाटे नदीवर धुके उतरते आणि घरोघर पेट्यांतून कानटोप्या, बंड्या, गोधड्या बाहेर निघतात. मूल तान्हे असेल तर त्याला कुंची, दुपटे आणि वेखंड-ओव्याची धुरी. देवघरातल्या बाळकृष्णालाही माझी आई लोकरीचे अंगडे घालीत असे. पंढरीच्या विठुरायाला कार्तिकीनंतर शाल आणि कानपट्टी चढते, मग आमच्या रांगत्या देवानेच काय पाप केले, असे ती विचारी.

एवढ्या शिदोरीवर थंडीचे शास्त्र आपणास पुरते अवगत आहे, अशी माझी समजूत होती. त्यातून आमचे घराणे तीन पिढ्या सुती कापडाच्या धंद्यातले. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या या गावी येऊन गेला. १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात बुऱ्हाणपूरचे पांढरे तलम कापड इराण, तुर्कस्तान, इतकेच नव्हे तर पोलंड आणि मस्कोव्हीपर्यंत जात असल्याचा उल्लेख आहे. वडिलांना हा उल्लेख कोणा गिऱ्हाइकाने सांगितला असावा. तेव्हापासून, आमच्या गावच्या सुताने रशियाचा हिवाळा पाहिला आहे, हे वाक्य दुकानात आलेल्या प्रत्येकाला ऐकावे लागे. मीही ते ऐकतच वाढलो आणि त्यावर विश्वास ठेवला.

या विश्वासाची परीक्षा टोरांटो येथे झाली. मुलगा तेथे नोकरीस असतो, सूनबाई मडगावच्या. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयतां प्रथमच ऐन जानेवारीत त्यांच्याकडे गेलो. सामानात कुटुंबाने स्वतः शिवलेली एक गोधडी होती (सूनबाई तिला वाकळ म्हणतात), सहा वर्षांच्या नातवासाठी कापूस भरलेली बंडी होती, आणि गावच्या बाजारातले सुती विणीचे हातमोजे होते.

तेथील मुलांचे हिमाशी असलेले सख्य पाहून प्रथम जीव दडपला. शाळेच्या मधल्या सुटीत मुलांना हिमातसुद्धा बाहेर सोडतात. त्या देशातील बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते की तपमान उणे पंचवीसच्या खाली गेले, किंवा वाऱ्यामुळे भासणारी थंडी उणे अठ्ठावीसपर्यंत पोचली, म्हणजे मुलांना घरातच ठेवावे. याचा दुसरा अर्थ असा की उणे वीसला खेळू द्यावयास हरकत नाही! आमच्याकडे पारा दहावर आला की आजीबाई मुलाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत.

त्या दिवशी तपमान उणे बारा होते. मुलगा आणि सूनबाई दोघेही कामावर गेली होती, नातवाला सुटी होती आणि घरामागच्या अंगणात गुडघाभर हिम साचले होते. बाहेर जाण्यासाठी घालावयाची जलरोधक विजार आणि बोटे वेगळी नसलेले जाड हातमोजे खुंटीला टांगलेले होते. नातू म्हणाला, "आजोबा, ते नको, त्यात मला काही धरता येत नाही." मीही म्हटले, खरेच, हे काय पिशवीसारखे हातमोजे! त्याऐवजी एकावर एक दोन सुती पायजमे, अंगात आजीची बंडी, वर कोट आणि हातांत बुऱ्हाणपूरचे मोजे असा थाट करून त्याला सोडले. सूनबाईंनी निघताना बजावले होते की अर्ध्या तासाने आत बोलवा. मी खिडकीत बसलो होतो. तो हिमाचा माणूस करीत होता, लोळत होता, एकटाच खदखदून हसत होता. इतके निखळ हसू मोडावयाचे माझ्याच्याने होईना. अर्ध्याचा एक तास झाला.

मग माझ्या ध्यानात आले की तो हसत नाही. आरंभी तो कुडकुडला असेल, ते मी पाहिलेच नव्हते; आता तो नुसता बसून राहिला होता. धावत जाऊन त्याला आत आणले. पायजमे चिंब, बंडी घामाने आतून ओली, हातमोजे गोठून ताठ झालेले. ते काढले तर दोन बोटांची टोके मेणासारखी पांढरी दिसली. "दुखते का रे?" असे विचारले तर तो म्हणाला, "नाही, काहीच कळत नाही." त्या नाहीने माझ्या पोटात खड्डा पडला.

आपल्याकडची दोन औषधे मला ठाऊक होती, चोळणे आणि शेकणे. त्याची बोटे चोळीत त्याला मी घर तापविणाऱ्या यंत्राकडे नेत होतो, तोच सूनबाई दारातून आल्या. "बाबा, चोळू नका, आणि शेकू तर मुळीच नका," एवढेच त्या मला म्हणाल्या, आणि मुलाकडे वळून आपल्या भाषेत, "हात दाखय पळोवया." ओले कपडे क्षणात उतरवून त्यांनी त्याला कोरड्या लोकरीत गुंडाळले आणि बोटे पातेलीभर कोमट पाण्यात धरली. पाणी स्वतःच्या कोपराला सोसेल इतकेच ऊन. गारठलेल्या कातडीस चटका कळत नाही, त्यामुळे ती शेकता शेकता भाजून निघते. आणि चोळल्याने आतल्या पेशी फाटतात. पाव तासाने बोटे लाल झाली आणि पोर मोठमोठ्याने रडू लागले. संवेदना परत येताना दुखतेच. कोणाच्या रडण्याने मला इतका आनंद त्यापूर्वी झाला नव्हता. थंडीची बाधा वरवरचीच होती, बोटे वाचली. सूनबाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या रात्री खुंटीवरची ती विजार मी हातात घेऊन पाहिली. धंद्याने कापडवाला, तरी जे मला कळावयास हवे होते ते कळले नव्हते. ऊब कापडात नसते. कापडाच्या पोटात अडकलेल्या हवेत असते. आमची गोधडी ऊबदार लागते ती तिच्या थरांमधील हवेमुळे. सूत पाणी पिते, आणि पाणी त्या हवेची जागा घेते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते; म्हणजे ओली बंडी ऊब देणे तर दूरच, अंगातली ऊब उपसून बाहेर टाकते. उन्हाळ्यात घाम टिपून जे सूत आपल्याला गारवा देते, तेच हिमात मुलाला गारठविते. दोष सुताचा नव्हे. लोकर मात्र आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेऊनही ऊब सोडीत नाही. आणि हे ज्ञान काही विलायती नाही! आमच्या भागातले धनगर भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे हिंडताना मी लहानपणापासून पाहिले आहेत. गोधडी पांघरून पावसात निघालेला धनगर कोणी पाहिला आहे काय?

ताव्हेर्नियेच्या मजकुराचाही उलगडा तेव्हाच झाला. ते तलम कापड अंगावर मिरवावयाचे होते, मस्कोव्हीचा हिवाळा काढावयाचे नव्हते. हिवाळा तेथील लोक लोकरीत आणि कातड्यांतच काढीत असणार. वडील हयात असते तर त्यांना हे सांगण्याचे धैर्य मला झाले असते की नाही, कोण जाणे.

पुढील दोन महिने मी सूनबाईंचा शिष्य झालो. मुलाचे अंग लहान, त्या मानाने कातडीचा पसारा मोठा, म्हणून ते मोठ्यांहून लवकर निवते. आणि खेळाच्या नादात ते सांगत नाही. तेव्हा घड्याळ आपण पाहावयाचे. अंगालगत घाम न धरणारे वस्त्र, त्यावर लोकर, सर्वांत वर पाणी-वारा अडविणारे कवच. बोटे एकत्र राहिली तर एकमेकांना ऊब देतात, म्हणून ते पिशवीसारखे हातमोजे. लांब मफलर घसरगुंडीत अडकून फास बसतो, तेव्हा गळ्याला शिवलेली पट्टी बरी. मोटारीतल्या मुलाच्या खुर्चीत बसविताना जाड कोट काढावयाचा, कारण कोट दबला की पट्टा सैल राहतो. रस्त्याकडेच्या हिमाच्या ढिगात बीळ करून खेळू द्यावयाचे नाही. ते ढासळते, आणि हिम लोटणाऱ्या गाडीच्या चालकाला आत बसलेले मूल दिसत नाही. हे सारे मी वहीत उतरवून घेतले. कुटुंब हसे. म्हणे, "दुकानाची खातेवहीसुद्धा इतक्या निगुतीने कधी लिहिली नाहीत."

पुढल्या पौषात ती मंडळी बुऱ्हाणपुरास आली. पहाटे आम्ही राजघाटावर गेलो. मी मफलर, कानटोपी, शाल अशा थाटात. नातू एका सदऱ्यावर पायऱ्या उतरत होता आणि कुटुंब बंडी घेऊन त्याच्या मागे. रात्री थंडी वाढली म्हणून मी खोलीत कोळशाची शेगडी आणली आणि दार-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. माझे वडील असेच करीत. सूनबाईंनी काही न बोलता शेगडी उचलून ओसरीवर ठेवली आणि खिडकी उघडली. बंद खोलीत कोळशातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, रंग नसतो. त्यात झोपलेले माणूस सकाळी उठत नाही. हे मी वर्तमानपत्रात कितीदा तरी वाचले होते.

त्या कोरड्या थंडीत गोधडी मात्र आपल्या जागी होती. तिच्यात माझ्या आईचे नऊवारी आहे, वडिलांचे धोतर आहे. नातवाला ती मी मानेपर्यंत पांघरली. घटकाभराने पाहिले तर त्याने ती लाथेने दूर सारली होती. "आजोबा, किती उकडते इथे!" असे झोपेतच म्हणून तो कुशीवर वळला. गोधडी मीच ओढून घेतली.