कादिसची पिपाणी

सावंतवाडी,
होळीच्या आधीचा आठवडा

चि. रेवा,

तुझा निरोप मिळाला. कोलोनच्या मिरवणुकीत उभी राहून चॉकलेटं झेललीस, जोकराचं लाल नाक लावून फोटो पाठवलास, आणि खाली सहज विचारलंस, "मावशी, तुमच्या शोकेसमधली पिपाणीपण कार्निव्हलचीच ना? तुम्ही दोघं म्हातारी तिकडे कशाला गेला होतात?" म्हातारी आत्ता झालो गं. तेव्हा स्पेनमधल्या हेरेसच्या स्टेशनवर तुझे काका धावत जाऊन गाडी पकडत होते. हे सगळं फोनवर अंगठ्याने लिहिणं मला जमणार नाही, म्हणून कागद घेतला. मराठी वाचायची सवय मोडली असेल तर मोठ्याने वाच, जमेल.

ती पिपाणी बोरूची आहे, तोंडाशी सिगारेटच्या कागदासारखा पातळ कागद लावलेला. ती फुंकायची नसतेच. लहानपणी तू गाल दुखेपर्यंत फुंकायचीस आणि वाजत नाही म्हणून रडायचीस. तिच्यात गुणगुणायचं असतं. मग तो कागद थरथरतो आणि आपलाच आवाज नाकातून आल्यासारखा, जरा चावट होऊन बाहेर पडतो. स्पेनच्या दक्षिण टोकाला कादिस म्हणून गाव आहे, तिथल्या कार्निव्हलमध्ये गाणं सुरू होण्याआधी ही वाजते.

तुझा दादा तेव्हा माद्रिदला शिकत होता. साल काकांना विचार, माझ्या लक्षात फक्त मंदी आहे, कारण दादाच्या घरमालकिणीचा मुलगा इंजिनियर असून घरी बसला होता. दादाने आमच्यासाठी म्युझियमांची यादी काढली होती. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, की कादिसला कार्निव्हलमध्ये लोक मंत्र्यांवर गाणी रचून रस्त्यात म्हणतात. झालं! काकांनी यादी घडी घालून खिशात ठेवली.

त्याला कारण होतं. काकांचं बालपण मडगावचं, पोर्तुगीज अमदानीतलं. पणजीला आज जी चित्ररथांची मिरवणूक निघते, तीत मोमो राजा वगैरे, ती 1965 पासूनची. काका तिला कार्निव्हल मानतच नाहीत, 'जाहिरातींचे ट्रक' म्हणतात. त्यांचा कार्निव्हल म्हणजे साष्टीतले खेळ. तीन दिवस मंडळी वाड्यावाड्यांतून फिरायची, कुणाच्याही अंगणात उभी राहायची. रंगमंच नाही, पडदा नाही, बायकांची कामं पुरुषांनीच करायची, आणि कोकणी गाण्यातून भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, उणीदुणी भाटकाराच्याच अंगणात काढायची. आम्ही हिंदू, पण शेजाऱ्यांच्या अंगणात पहिल्या रांगेत काकाच असत. तू गोव्याला जातेस ती बीचवर. एकदा कार्निव्हलच्या दिवसांत मडगावला जा, काका सांगतील कुठे.

कादिसच्या कार्निव्हलचंही मूळ हेच, बोलणं. कपडे, रंग, नाच हे दुय्यम. तीन बाजूंनी समुद्र, फिनिशियन लोकांनी वसवलेलं जवळजवळ तीन हजार वर्षांचं गाव. अमेरिकेचा व्यापार इथून चाले तेव्हा श्रीमंती होती, नंतर ती ओसरली. बोलणं तेवढं उरलं. वर्षभर मासेवाले, शिक्षक, गोदीतले कामगार रात्री जमून गाणी बसवतात. दहाबारा जणांची चिरिगोता म्हणजे विनोदी, कोम्पार्सा जरा गंभीर, कोरो म्हणजे मोठा जथा, तो सजवलेल्या गाड्यांवर चढून मंडईभोवती गात फिरतो, आणि क्वार्तेतो हे जवळपास नाटकच. गावात लाल विटांचं एक नाट्यगृह आहे, मानुएल दे फाया या कादिसच्याच संगीतकाराच्या नावाचं. तिथे आठवडेच्या आठवडे स्पर्धा चालते आणि शेवटची रात्र उजाडेपर्यंत रंगते. दरवर्षी शब्द नवे, सोंग नवं. गेल्या वर्षीचं गाणं पुन्हा घेऊन याल तर चालत नाही.

अशा गाण्यांची भीती कुणाला वाटणार ते तुला सांगायला नको. स्पेनमध्ये यादवी चालू असताना, 1937 साली, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने कार्निव्हलच बंद केला. मग ऑगस्ट 1947 मध्ये गावातल्या नौदलाच्या सुरुंगांच्या कोठाराचा स्फोट झाला, दीडशेच्या आसपास माणसं गेली. सुतकात बुडालेल्या त्या गावाला जरा उभारी यावी म्हणून दुसऱ्या वर्षी कोरोंना गायची परवानगी मिळाली. पण कार्निव्हल हे नाव घ्यायचं नाही आणि गाणी आधी सेन्सॉरला दाखवायची. 1967 मध्ये तर सणच उचलून मे महिन्यात नेऊन ठेवला. फ्रँको गेला 1975 ला, आणि 1977 मध्ये कादिसने आपला फेब्रुवारी परत घेतला. तुम्हा मुलांना वाटतं सण आपोआप चालू राहतात. कुणीतरी धरून ठेवावे लागतात ते.

आम्ही शनिवारी पोचलो, ती चूक दादाची. शनिवारी बाहेरगावची तरुण पोरं दुकानातले पोशाख घालून प्यायला येतात. (तुझं ते नाक कुठून आणलंस?) गावात खोली मिळाली नव्हती, म्हणून हेरेसला राहून रोज गाडीने येत होतो. रविवारी ला विन्या या जुन्या कोळीवाड्यात गेलो. दुपारी कोळंबीच्या बारक्या पोरांची, चण्याच्या पिठातली कुरकुरीत धिरडी खाल्ली, अगदी आपली जवळ्याची भजी. काकांनी चार खाल्ली आणि कोकमाचं सार हवं होतं म्हणून कुरकुरले.

आणि मग ते सामान दिसलं. एका चर्चच्या पायऱ्यांवर कपाट, टेबल, दिव्याची शेड, गुंडाळलेली गादी, फ्रीज. ही सगळी माणसं होती, पन्नाशीची, सुटलेल्या पोटांची. त्या दिवसांत कादिस भागात तिघांत एक बेकार होता आणि कर्जाचे हप्ते थकले म्हणून लोकांना घराबाहेर काढत होते. तर ही त्या रस्त्यावर टाकलेल्या सामानाची चिरिगोता! पिपाण्या वाजल्या, ढोल वाजला, आणि कपाट गाऊ लागलं. दादा कानात भाषांतर करत होता, पण तोच हसत सुटायचा आणि अर्धं राहून जायचं. कपाटाचं म्हणणं असं, की तीस वर्षं या घरातलं सगळं मी पोटात ठेवलं, घर खाली करायला आलेल्या साहेबाने मला उघडून बघावं. मग त्याने छातीवरचा खण ओढला. आत गुलाबी कागदाची एकच नोटीस. टेबल म्हणालं, मला चौथा पाय नाही, बँकेने व्याजात नेला. समोर एक आजीबाई होती, काळ्या स्वेटरमधली. हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि टेबलाला शिव्याही देत होती. तो बहुधा तिचा जावई होता.

काकांकडे पाहिलं तर ते हसत होते. अगं, एक शब्द कळत नव्हता त्या माणसाला! दादाच्या आधी हसायचे. आमच्या लग्नात, मुंजींत, नाटकांत मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना पाहिलेलं नाही. गाणं संपल्यावर सरळ कपाटाजवळ गेले आणि हात मिळवून कोकणीत काहीतरी बोलले. कपाट स्पॅनिशमध्ये काहीतरी बोललं. दोघांचं पाच मिनिटं चाललं होतं. कपाट मंडईत मासे विकतं, ते नंतर कळलं. त्यानेच काकांना आपली पिपाणी दिली आणि गाण्यांची छापील पुस्तिका दोन युरोला विकली. पिपाणी फुकट, पुस्तिका विकत. हिशेबाला पक्का.

परतीच्या गाडीत काका म्हणाले, "आमच्या अंगणात आले असते तर भाटकार घरात गेला असता." एवढंच. मग हेरेसपर्यंत पिपाणी वाजवली, डबाभर लोकांना त्रास.

तू जाशील तर शनिवार टाळ. सोमवारी जा, गल्लीबोळांत फिर, स्पर्धेत न उतरलेल्या मंडळींची गाणी कोपऱ्याकोपऱ्यावर चालतात, ती ऐक. सोबत भाषा कळणारं कुणी असू दे. फोटो कमी काढ. आणि कोलोनलाही चॉकलेटं झेलण्यापलीकडे ते लोक काय बोलतात ते विचार. तुला जर्मन एवढं छान येतं म्हणे. मराठी निरोपात मात्र प्रत्येक ओळीत तीन चित्रं टाकतेस, ती लावत बसते मी.

तुझी आई म्हणते तू नीट जेवत नाहीस. रविवारी फोन कर, सकाळचा, काका दुपारी कानाचं यंत्र काढून ठेवतात. गेल्या महिन्यापासून डावा कान अगदीच गेला आहे, तेव्हा उजव्या बाजूला धरायला सांग आणि ओरड. कादिस म्हण नुसतं, तासभर सुटका नाही तुझी.

तुझी,
मावशी

ता. क. आमसुलं आणि कुळथाचं पीठ दादाच्या मित्राबरोबर पाठवते आहे. पिठाला कस्टमवाल्यांनी विचारलं तर सूप पावडर म्हणून सांग.