सूझांच्या चित्रांतील माणूस

मनुष्याकृतीच्या रेखाटनाचा पहिला पाठ आमच्या कलाशाळांतून प्रमाणांचा असतो. मस्तकाची उंची हे एकक धरून सारा देह मोजावा, आणि खुद्द मस्तकात डोळे टाळू व हनुवटी यांच्या मध्यावर येतात हे विसरू नये, अशी ताकीद मी आजवर प्रत्येक वर्गाला दिली आहे. कारण नवशिक्याचा हात डोळे हटकून वर चढवतो, कपाळ आखूड करतो, आणि मग नाक, जबडा व दात चेहऱ्याची बहुतेक जागा बळकावून बसतात. ही चूक पुरती ओळखून, रीतसर शिक्षण घेतल्यानंतर, तिलाच ज्यांनी आपल्या चित्रसृष्टीचा नियम केले त्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्याविषयी, आणि त्यांनी मनुष्यजातीविषयी दिलेल्या निवाड्याविषयी, मला येथे लिहावयाचे आहे.

सूझा यांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्याच्या बारदेस महालातील साळगाव येथे झाला. वडील ते तान्हे असतानाच वारले, पाठोपाठ बहीण गेली, आणि पुढे देवीच्या साथीत हे मूलही हातचे जाते की काय अशी वेळ आली तेव्हा आईने सेंट फ्रान्सिस झेवियर यांना, गोंयकारांच्या ‘गोंयच्या सायबा’ला, नवस केला. मूल वाचले, न्यूटन या नावाआधी फ्रान्सिस हे नाव लागले, आणि या मुलाने पुढे पाद्री व्हावे अशी इच्छा आईने मनाशी धरली. शिवणकामावर चरितार्थ चालवणाऱ्या त्या विधवेबरोबर मूल मुंबईस आले खरे, परंतु गोव्यातील ख्रिस्ती देवळांचा संस्कार त्याच्या मनावरून कधीच पुसला गेला नाही. भरजरी वस्त्रे ल्यालेला पाद्री, सुवर्णाने मढवलेली वेदी आणि तिच्याच सान्निध्यात फटक्यांनी सोलवटलेला, काट्यांचा मुकुट धारण केलेला ख्रिस्त: वैभव आणि यातना यांचे हे सहवास्तव्य ज्याने बालवयात पाहिले, त्याला पुढे या दोहोंतून एकच गोष्ट रंगवणे अशक्य झाले, यात नवल नाही.

१९४० मध्ये ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि राजकीय चळवळीपायी १९४५ मध्ये तेथून काढले गेले. काही काळ ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, व गोव्यातील कष्टकऱ्यांची आणि मुंबईतील दरिद्री वस्त्यांची चित्रे त्यांनी याच सुमारास काढली. १९४७ मध्ये आरा, रझा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांच्यासह त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. सरकारी कलाशिक्षणातील निर्जीव वास्तववाद आणि बंगालच्या पुनरुज्जीवनवाद्यांची हळवी धूसरता या दोहोंना या मंडळींनी सारखाच नकार दिला. मात्र समाजाचा मुलाहिजा न ठेवणाऱ्या सूझांना स्वकीयांत थारा मिळेना. स्वतःची विवस्त्र प्रतिमा त्यांनी प्रदर्शनात मांडली, तेव्हा अश्लीलतेची फिर्याद झाली, चित्र भिंतीवरून उतरवले गेले, आणि घराची झडतीही झाली. १९४९ मध्ये त्यांनी लंडन गाठले.

लंडनची पहिली काही वर्षे हलाखीची होती, आणि त्या काळात संसार मुख्यतः पत्नी मारिया यांच्या कमाईवर चालला. १९५५ साली मात्र दैव अकस्मात पालटले: स्टीफन स्पेंडर यांच्या ‘एन्काउंटर’ मासिकात त्यांचा आत्मचरित्रपर निबंध प्रसिद्ध झाला, व्हिक्टर मसग्रेव्ह यांच्या ‘गॅलरी वन’मध्ये प्रदर्शन भरले, आणि ज्यांच्याकडे काल कोणी पाहत नव्हते त्यांचे नाव लंडनच्या कलावर्तुळात होऊ लागले. ‘बर्थ’ हे त्यांचे विख्यात चित्र त्याच वर्षीचे.

‘मिस्टर सेबॅस्टियन’ हेही १९५५ चेच. बाणांनी विंधलेला संत सेबॅस्टियन युरोपीय चित्रकारांनी शतकानुशतके रंगवला, आणि बहुतेकांनी तो सुकुमार, ऊर्ध्वदृष्टी, वेदनेतही देखणा असा रंगवला. सूझांनी त्याला कोट आणि टाय चढवला, त्याचे डोळे कपाळाच्या जागी नेऊन बसवले, आणि बाण त्याच्या चेहऱ्यात व मानेत रोवले. हा गृहस्थ हुतात्मा म्हणावा, की कचेरीत बसून कोणाच्या तरी हद्दपारीच्या हुकमावर सही करणारा अंमलदार म्हणावा, याचा निर्णय चित्र आपल्याला करू देत नाही. त्याच वर्षीच्या ‘सिक्स जेंटलमेन ऑफ अवर टाइम्स’ या रेखाटनांतील सभ्य गृहस्थांची मस्तकेही अशीच विदीर्ण आहेत. सूझांची दाट काळी रेषा आकृतीला बांधून टाकते, आणि तिच्या आत आडव्या-उभ्या छेदरेषांचे जाळे असे पसरते की फाटलेल्या कातडीला कोणी घाईने टाके घातले असावेत.

लंडनच्या टेट संग्रहालयातील ‘क्रूसिफिक्शन’ (१९५९) मध्ये ही रेषा आपल्या सामर्थ्याच्या शिखरावर आहे. तेथील ख्रिस्त काळवंडलेला, काटेरी, सांत्वनाचा लवलेशही न देणारा आहे. देवत्वाचे तेज त्याच्याभोवती नाही, आणि ज्या निष्ठुर हाताने सूझा पीडक रंगवत त्याच हाताने त्यांनी हा पीडित रंगवला आहे. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कलाविचाराचे मर्म येथे आहे. दुष्टाला विद्रूप आणि निरपराध्याला सुंदर करण्याची जी सवलत चित्रकार स्वतःला सहज घेतो, ती त्यांनी नाकारली. कपाळ गेले की चेहऱ्यावरील चिंतनाचे स्थान जाते, आणि मागे उरतात ते टक लावून पाहणारे डोळे व खाण्यास किंवा किंकाळीस उघडलेले तोंड. ही अवस्था पोपची होते, सम्राटाची होते, व्यापाऱ्याची होते, तशीच क्रुसावर खिळलेल्याचीही होते. बर्मिंगहॅमच्या संग्रहालयातील ‘निग्रो इन मोर्निंग’ (१९५७) पाहताना मात्र ध्यानात येते की हा हात शोकाचा सन्मानही करू शकत होता. लंडनमधील नॉटिंग हिलच्या वांशिक दंगली पुढच्याच वर्षी झाल्या. एका परक्या, श्यामवर्णी चित्रकाराने त्या नगरीची हवा आधीच हेरली होती.

सूझांच्या समग्र कामाची वकिली करण्याचा माझा मानस नाही. त्यांच्या नग्नस्त्रियांमध्ये मथुरा व खजुराहो येथील शिल्पांचे भरीव वैभव कित्येक ठिकाणी उतरले आहे. परंतु अनेक चित्रांत स्त्री हे केवळ वासनेचे व रागाचे निमित्त उरते, आणि ज्या समदृष्टीचा मी वर गौरव केला ती तेथे त्यांना सोडून जाते. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यानंतरच्या कित्येक कामांत एकेकाळी जळजळीत असलेली रेषा सवयीने फिरते, हेही कबूल केले पाहिजे. याउलट १९६५ च्या सुमारास त्यांनी काळ्यावर काळा रंग लावून केलेल्या चित्रांना मी फार मोठे स्थान देतो. रंगांतील भेद काढून घेतल्यावर तेथे उरते ती केवळ रंगलेपाची जाडी आणि कुंचल्याची दिशा. प्रेक्षकाने चित्रासमोर डावी-उजवीकडे सरकत प्रकाशाची तिरीप शोधावी, तेव्हा कोठे चेहरा हाती लागतो. दुसऱ्या माणसाला पाहणे हे श्रमाचे काम आहे, आणि हे श्रम टाळूनच आपण एकमेकांवर मते बनवतो, हे त्या काळोखाइतके स्पष्टपणे मला अन्य कोणत्याही चित्राने शिकवलेले नाही.

२८ मार्च २००२ रोजी सूझा मुंबईत निवर्तले. मानवद्वेष्टा हा शिक्का त्यांच्या हयातीतच त्यांच्यावर बसला होता आणि आजही तो सर्रास मारला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो, आणि त्याचा पुरावा त्यांच्या आत्मचित्रांत आहे. देवीच्या व्रणांनी ग्रासलेला स्वतःचा चेहराही त्यांनी त्याच दातांसह, त्याच वर चढलेल्या डोळ्यांसह, त्याच निर्दय रेषेने काढला. जगावर खटला भरताना आरोपींच्या यादीतून स्वतःचे नाव खोडले नाही. केवळ इतरांना तुच्छ लेखणारा मनुष्य असे करीत नाही. क्रौर्य हे अमक्या धर्माचे, अमक्या पेशाचे वा अमक्या वर्णाचे लक्षण नसून आपणा सर्वांच्या देहात वसणारी शक्यता आहे, असे जो मानतो आणि त्यातून स्वतःला वगळत नाही, त्याचा संताप करुणेच्या फार जवळचा असतो. म्हणूनच मनुष्याकृती रंगवण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या प्रत्येक तरुणाने सूझांचे अनुकरण कदापि करू नये. आधी स्वतःला जबाबदार धरण्याचे त्यांचे धैर्य मात्र त्याने अवश्य अंगी बाणवावे.