आधी गोष्ट, मग अक्षर

लेकाला डिस्लेक्सिया आहे, आणि तो घरीच शिकतो. डोकं तल्लख आहे. अडतं ते अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालताना. त्यात आपली देवनागरी! ‘घ-ध’, ‘भ-म’ पटकन वेगळे दिसत नाहीत. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. ‘र’ तर ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो आणि ‘चक्र’मध्ये पायाशी.

म्हणून आमच्याकडे जोडाक्षरं सकाळी, थोडाच वेळ. ताटात रवा पसरायचा, बोटाने गिरवायचं, गिरवताना मोठ्याने म्हणायचं. डोळा, कान, बोट तिन्ही एकदम कामाला लागले की अक्षर टिकतं.

दुपार मात्र निव्वळ गोष्टीची. सध्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चालू आहे. मी वाचते, तो ओळीखाली बोट सरकवत ऐकतो. गोष्ट ऐन रंगात आली की थांबते. पुढे काय झालं हे कळल्यावाचून त्याला राहवत नाही, मग तो स्वतःच पुढची ओळ लावू लागतो. अडखळला तर शब्द लगेच सांगून टाकते. गोष्ट तुटू द्यायची नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली, परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. याचा मोठाच आधार वाटतो. पण वाचनाची गोडी घरातच लागायला हवी. वेग येईल तेव्हा येवो. पुस्तक आपलं आहे, हे त्याला आत्ताच वाटलं पाहिजे.