वासरू, वाशीम आणि मी

"पानी नाही रे, पाणी! बाणातला ण!"

होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात मेसच्या टेबलावर मला हा धडा मिळाला. मी वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाचा. तालुका मालेगाव (नाशिकचं नव्हे, आमचं!). आमच्याकडे पानी, लोनी, कोन असंच बोलतात. 'मी जेवून राह्यलो' म्हटलं की अख्खं टेबल हसायचं. हसणारे मित्रच होते, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तेव्हापासून मी प्रत्येक वाक्य बोलण्याआधी मनातल्या मनात तपासू लागलो. दोनदा तर व्हायवाला उत्तर येत असूनही गप्प बसलो. उत्तरापेक्षा 'ण' कुठे येतो याचीच धास्ती जास्त!

सेकंड इयरच्या दिवाळीत घरी गेलो होतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. व्हॉट्सअॅपवर शुभेच्छांचा पाऊस पडून गेलेला. आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. ते म्हणाले, "त्याच दिवशी प्राकृतलेही दर्जा भेटला, मालूम आहे का तुले? तिचं कोनी नावच नाही घेतलं."

मला खरंच मालूम नव्हतं. गुरुजींनी कॉलेजात अर्धमागधी घेतलं होतं. त्यांनी कपाटातून स. आ. जोगळेकरांची १९५६ सालची 'गाथासप्तशती' काढून माझ्या हातात ठेवली. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या सुमारे सातशे गाथा, माहाराष्ट्री प्राकृतातल्या. म्हणजे मराठीच्या पूर्वजांतली भाषा. आज ती कोणाचीही मातृभाषा नाही.

प्राकृत गाथेबरोबर तिचं संस्कृत रूपांतर देण्याची पद्धत आहे, त्याला 'छाया' म्हणतात. संस्कृत येणारा माणूस छाया वाचून मोकळा होतो. माझी पंचाईत अशी, की मी शाळेत संस्कृत शिकलोच नाही. छाया मला प्राकृताइतकीच परकी! गुरुजी हसून म्हणाले, "मंग तू खालून चढ. मराठीतून. नियम पाठ करू नको. शंभर शब्द जमव, नियम आपल्या आपच दिसन."

प्रॅक्टिकलच्या जुन्या वहीत मी तीन रकाने आखले. संस्कृत, प्राकृत, मराठी. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. सर्प, सप्प, साप. दुग्ध, दुद्ध, दूध. वीस-पंचवीस शब्द झाले आणि नियम खरंच दिसायला लागला. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात दुहेरी होतं. मराठीत येताना त्यातलं एक अक्षर गळतं आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांब होतो. एक गेलं की दुसऱ्यानं तेवढी जागा भरायची. किर्चॉफचा नियमच म्हणा ना!

चुकाही भरपूर झाल्या. 'पोट्ट' शब्द दिसला आणि मी खूष झालो, कारण आमच्याकडे मुलाला पोट्टा म्हणतात. निघालं ते साधं पोट! दुसरी गंमत 'कइ' या शब्दाची. प्राकृतात दोन स्वरांमधली क, ग, च, ज, त, द, प, य, व ही अक्षरं बहुधा गळून जातात. त्यामुळे कवी म्हणजे 'कइ', आणि कपी म्हणजेही 'कइ'! कवी आणि माकड यांच्यात काही फरकच उरत नाही. (आमच्या मासिकातल्या कवींनी राग मानू नये.) आमच्या भाषेत हे 'लॉसी कॉम्प्रेशन' झालं. गेलेलं अक्षर परत आणता येत नाही, शेजारच्या शब्दांवरून अर्थ लावावा लागतो. तेव्हापासून मी छायेवर फूटपट्टी ठेवून आधी स्वतः अर्थ लावायचो आणि मग फूटपट्टी उचलून गुरुजींना विचारायचो.

अशाच पद्धतीने परदेशात मेलेल्या भाषा वाचल्या गेल्या आहेत. चीनच्या वायव्येला तांगुत लोकांचं राज्य होतं. १२२७ मध्ये मंगोलांनी ते बुडवलं, पुढे भाषाही संपली. १९०८-०९ मध्ये कोझलोव्ह या रशियन संशोधकाला खाराखोतो या ओसाड शहरात तांगुत ग्रंथांचा मोठा साठा सापडला. लिपीत चिन्हं सहा हजारांच्या आसपास! ११९० साली झालेला एक तांगुत-चिनी शब्दसंग्रह आणि चिनी ग्रंथांची तांगुत भाषांतरं शेजारी-शेजारी ठेवून अभ्यासकांनी त्या भाषेचं व्याकरण बसवलं. चिनी ग्रंथ म्हणजे त्यांची छायाच! पण चुकलं तर कान धरायला तांगुत बोलणारा एकही माणूस नाही. माझ्याकडे मात्र आजी होती.

त्या दिवाळीत आमची गाय व्यायली होती. मी कोठ्यात वही घेऊन बसलो होतो. आजी म्हणाली, "काय लिहून राह्यला रे बाबू इतकं? थे वासरू सोड अगुदर."

वासरू! मी उठता उठता वहीत पाहिलं. वत्स, प्राकृतात वच्छ, मराठीत वास. वत्सरूप, वच्छरूव, वासरू. तसंच मत्स्य, मच्छ, मासा. 'च्छ'चा मराठीत 'स' होतो आणि पुढे 'इ'कार आला की 'श'. मक्षिका, मच्छिआ, माशी. हे लिहीत असतानाच एकदम डोक्यात आलं, आपल्या वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म!

वासरू कुठलं सोडतो! मी तिथेच गणित मांडलं. वत्सचं वच्छ. गुल्मचं गुम्म. मधला ग गळाला की वच्छउम्म, त्याचं वच्छोम. कवी राजशेखर वैदर्भी शैलीला प्राकृतात 'वच्छोमी' म्हणतो, म्हणजे उत्तर बरोबर! पुढे 'च्छ'चा 'श' होऊन वाशीम. शेवटच्या 'ओम'चा 'ईम' मात्र या नियमात बसत नाही. तेवढी एरर मी वहीत तशीच ठेवली आहे. मालेगावला गाडी बदलून ज्या वाशीमला लहानपणापासून जातोय, त्या नावात आणि आमच्या कोठ्यातल्या वासरात एकच 'वत्स' बसला होता. (तोवर आजीनं वासरू सोडलं होतं आणि मलाही दोन शब्द ऐकवले होते.)

मग वाशीमबद्दल मिळेल ते वाचलं. वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकातल्या सर्वसेन राजानं ही शाखा स्थापन केली. या राजानं प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं होतं, श्रीकृष्णानं सत्यभामेसाठी पारिजातक आणला त्या कथेवर. ते काव्य आज हरवलं आहे. पुढच्या संस्कृत पंडितांनी उदाहरणादाखल घेतलेले त्यातले सुटे श्लोकच काय ते उरले. आमच्याच जिल्ह्यातल्या कारंज्याच्या जैन भांडारांत मात्र अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या टिकल्या. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि मराठी यांच्यामधली पायरी. डॉ. हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात अशी काव्यं संपादित करून कारंज्याच्या ग्रंथमालेत छापली.

सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती. त्याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीमला सापडला. वा. वि. मिराशींनी १९६३ च्या आपल्या वाकाटक लेखांच्या ग्रंथात तो दिला आहे. त्यात घराण्याची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष दानाचा हुकूम सुरू झाला की भाषा होते प्राकृत. मला आमचं होस्टेलच आठवलं. ओळख करून द्यायची इंग्रजीत आणि कामाचं बोलायचं आपल्या भाषेत!

खरं सांगायचं तर या सगळ्यामागे माझा एक स्वार्थ होता. वऱ्हाडी बोलीच खरी जुनी आणि शुद्ध, असा पुरावा मला हवा होता. तो टेबलावर आपटून सगळ्यांची तोंडं बंद करायची होती. पण वररुचीच्या प्राकृत व्याकरणात नियम निघाला, की 'न'चा सगळीकडे 'ण' होतो. प्राकृत शब्द 'पाणिअ'. म्हणजे मेसमधले मित्रच जिंकले! मी दोन दिवस वही उघडली नाही.

गुरुजींना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "आन् त्याच्या आंधी संस्कृतात काय होतं?" मी वही पाहिली. पानीय! 'न'च! संस्कृतात न, प्राकृतात ण, पुण्या-मुंबईच्या मराठीत ण, आमच्याकडे पुन्हा न. संस्कृतवाल्याच्या कानाला 'पाणिअ' हाही कधीकाळी गावंढळ उच्चारच वाटला असेल. त्याच 'गावंढळ' भाषेत वाशीमच्या राजानं काव्य लिहिलं आणि व्याकरणकारांनी तिचे नियम लिहून ठेवले. व्याकरण कोणाला पास-नापास करत नाही. काय बदललं आणि कसं बदललं, एवढीच नोंद ठेवतं. आणि बदल नियमानं होतो, कोणाच्या अडाणीपणामुळे नाही. मला पुरावा मिळाला नाही. पण आता त्याची गरजही वाटत नाही.

आता मी थर्ड इयरला आहे. गाथा अजून शंभरही झालेल्या नाहीत. मधे सबमिशन येतं, मधे परीक्षा. मागच्या व्हायवाला एक्स्टर्नलनं विचारलं, तेव्हा मी सरळ म्हणालो, "सर, फीडबॅक उलटा लागला म्हणून आउटपुट हालून राह्यलं." ते क्षणभर थांबले आणि पुढचा प्रश्न विचारला. उत्तर बरोबर होतं ना!

मेसमध्ये अजूनही कोणीतरी विचारतो, "काय रे, पानी की पाणी?"

मी म्हणतो, "कोणत्या शतकातलं विचारून राह्यला, ते आधी सांग. आन् जग इकडे दे."

- तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स