पेटंट कार्यालयातला माणूस आणि त्याचा गुणाकार

काझुशिगे गोटो हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. हा माणूस जपानच्या पेटंट कार्यालयात नोकरीला होता. म्हणजे सरकारी नोकर, आपल्याच जातकुळीतला. २००२ साली त्याने रजा घेतली आणि अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या आवारात पाहुणा म्हणून गेला. तिथे त्याने जे काम पुढे नेले त्यावर जगातले काही मोठे संगणक धावले. काम कसले, तर आकड्यांच्या दोन कोष्टकांचा गुणाकार. नवा शोध नाही, नवे सूत्र नाही. गुणाकार तोच, फक्त तो करताना कुठला आकडा कधी कुठे ठेवावा याची मांडणी त्याने बदलली.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, पोट भरते फायलींवर. मॅट्रिक्सशी माझा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आला तो कोसंबींमुळे. माझा भाचा मेकॅनिकल इंजिनिअरिंग करीत होता. वाहत्या पाण्यातल्या भोवऱ्यांचा अभ्यास हा त्याचा प्रकल्प. एका संध्याकाळी पुस्तक उघडेच घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "मावशी, हा कोसंबी आपलाच ना गो?"

आपलाच. साखवाळच्या धर्मानंदांचा मुलगा, १९०७ साली गोव्यात जन्मलेला दामोदर. आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. चांदीची हजारो प्राचीन नाणी एकेक करून तराजूत तोलणारा आणि त्या वजनांवरून काळाचा हिशेब मांडणारा माणूस. पण मुळात ते गणिती. १९४३ साली त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. आकड्यांच्या प्रचंड गर्दीतून मोजक्या मुख्य दिशा कशा निवडाव्यात, म्हणजे थोडक्यात पुष्कळ कसे सांगता येईल, याची रीत त्यात होती. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे तीच वाट काढली आणि नाव बहुधा त्यांचेच लागले. तरी भोवऱ्यांचा अभ्यास करणारे कोसंबींचा १९४३ चा निबंध आठवणीने नोंदवतात. भाच्याच्या पुस्तकात होता तो हाच उल्लेख.

आता ही रीत प्रत्यक्ष वापरायची तर कोष्टके हजारो ओळींची आणि हजारो रकान्यांची असतात. कागदावर ते होणे नाही. तिथे लागते ती अशी लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रॅमांची. ही मंडळी तिला ब्लास म्हणतात. १९७९ साली तिचा पहिला टप्पा प्रसिद्ध झाला. त्यात एकेका रांगेवरची साधी कामे होती. १९८८ मध्ये कोष्टक आणि रांग यांची कामे आली, १९९० मध्ये कोष्टक गुणिले कोष्टक. १९९२ मध्ये तिच्या खांद्यावर लॅपॅक नावाची दुसरी लायब्ररी उभी राहिली. समीकरणे सोडवणे, कोसंबींच्या रीतीसाठी लागणारी फोड करणे, ही कामे लॅपॅक करते आणि कष्टाची हमाली खाली ब्लासकडे पाठवते. हवामानाचा अंदाज असो, पुलाच्या खांबांचे गणित असो, की आजकाल ज्याचा फार गाजावाजा आहे ती कृत्रिम बुद्धिमत्ता असो, तळघरात बहुतेक वेळा कोष्टकांचा गुणाकारच चाललेला असतो.

ब्लास ही खरे तर एक यादी आहे. कुठल्या कामाला काय नाव, त्याला कुठल्या क्रमाने काय द्यायचे, हे ठरलेले. आत ते काम कसे करायचे हे करणाऱ्यावर सोपवलेले. आमच्या भाषेत, अर्जाचा नमुना सगळीकडे एकच, पण एका कार्यालयात दाखला दहा मिनिटांत मिळतो आणि दुसऱ्यात दहा दिवसांनी.

हा फरक का पडतो ते भाच्याने मला समजावले, आणि मी त्याला ते आमच्या रेकॉर्ड रूमच्या भाषेत परत सांगितले. (त्याला माझे सांगणे जास्त आवडले असे तो म्हणतो. मावशीला खूश ठेवण्यासाठीही म्हणत असेल.)

समजा दोन कोष्टके आहेत, प्रत्येकात हजार ओळी, हजार रकाने. म्हणजे आकडे झाले एकूण वीस लाख. गुणाकार मात्र शंभर कोटी करावे लागतात आणि जवळजवळ तितक्याच बेरजा. म्हणजेच प्रत्येक आकडा हजार वेळा हातात येतो. आता संगणकातला कारकून विजेच्या वेगाचा आहे, पण त्याचे टेबल अगदी लहान. टेबलाशेजारी एक कपाट, तेही फार मोठे नव्हे. बाकी सगळे लांबच्या रेकॉर्ड रूममध्ये. तिथून फाईल मागवली की येईपर्यंत कारकून हात चोळत बसतो. शाळेत शिकवतात त्या सरळ रीतीने गुणाकार केला तर तीच फाईल हजार वेळा मागवावी लागते आणि हजार वेळा परत जाते. शिवाय प्यून एक फाईल मागितली तर शेजारच्या सातही घेऊन येतो, एका गठ्ठ्यात आठ. तुम्ही ओळीने चाललात तर आठही कामाला येतात. रकान्याने उभे खाली उतरलात तर प्रत्येक गठ्ठ्यातली एकच, सात फुकट. अशा कारभारात यंत्राच्या ताकदीतला दहावा हिस्सासुद्धा कामी येत नाही.

उपाय उघड आहे. कोष्टकाचे तुकडे पाडा, एक तुकडा जवळ ठेवा, त्याचे जेवढे काम आहे तेवढे सगळे संपवा आणि मगच परत पाठवा. हे गोटोच्या आधीही लोकांना ठाऊक होते. टेनेसी विद्यापीठात क्लिंट व्हेली आणि जॅक डोंगारा यांच्या मंडळींनी १९९० नंतरच्या दशकात ॲटलास नावाची लायब्ररी केली होती, आणि ती तर फारच हुशार. ती यंत्रावर बसवताना स्वतःच तुकड्यांची वेगवेगळी मापे घेऊन बघायची, प्रत्येकाला लागलेला वेळ मोजायची आणि त्यातले सगळ्यात चांगले ठेवायची. बसवायला तासनतास लागत. मध्येच यंत्राने आपला वेग कमीजास्त केला तर मोजमाप फसे, म्हणून वेग स्थिर ठेवा अशी तिची अट. शिंप्याने माप घेताना श्वास रोखून धरायला सांगावे तसे.

गोटोने हे यंत्रावर सोडले नाही. त्याने हाताने लिहिले, आणि तेही यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत, असेंब्लीत. त्यात या आकड्याला या खणात ठेव, आता तो उचल, इतक्या बारकाईने सांगावे लागते. प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा नव्याने. त्याची खरी नजर मला दिसली ती दुसऱ्या एका गोष्टीत. बाकीचे लोक तुकडा टेबलावर मावेल एवढा पाडत होते. गोटो म्हणाला, मोठा तुकडा घ्या आणि शेजारच्या कपाटात ठेवा. तिथून टेबलावर आणायला लागणारा वेळ झाकता येतो, कारण पुढची फाईल आधीच मागवून ठेवता येते. झाकता येत नाही तो वेळ वेगळाच आहे. कुठली फाईल कुठल्या रॅकवर आहे हे सांगणारे एक छोटे रजिस्टर कारकुनाजवळ असते. त्यात मोजक्याच नोंदी मावतात. हवी ती नोंद त्यात नसली की काम ठप्प, मोठे रजिस्टर उघडल्याशिवाय सुटका नाही. म्हणून त्याने काय केले, तर काम सुरू करण्याआधी लागणारे आकडे विखुरलेल्या जागांवरून उचलून, कामाच्या क्रमाने, एका जागी सलग नकलून घेतले. नकलून घेण्यात वेळ जातो, पण तो वसूल होतो. ही सगळी मीमांसा त्याने आणि तिथले प्राध्यापक रॉबर्ट व्हॅन द गाइन यांनी मिळून २००८ साली एका निबंधात मांडली.

मी ते समजून घेतले तेव्हा मला आमच्या खात्यातले एक जुने हेड क्लार्क आठवले. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचे नाही. त्यांनी तीन वर्षे खपून रेकॉर्ड रूम लावली होती. तालुक्याप्रमाणे नव्हे, सालाप्रमाणेही नव्हे. कुठल्या फायली एकत्र मागितल्या जातात ते बघून. साहेबांनी अमुक एक विषय काढला की त्याच्या पाठोपाठ कुठल्या तीन फायली लागणार हे त्यांना ठाऊक, आणि त्या तिन्ही एकाच हाताच्या टप्प्यात. बाहेरच्याला तो गोंधळ वाटे. किल्ली होती त्यांच्या एका लांबट वहीत. ते निवृत्त झाले, पुढे विभाग दुसऱ्या इमारतीत हलला आणि हलवाहलवीत ती वही रद्दीत गेली. फायली एकूण एक शाबूत आहेत. पण पूर्वी पाच मिनिटांत हाताशी येणारी फाईल शोधायला आता अर्धा दिवस जातो, आणि त्या वेळी खरोखर काय हरवले ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. कारण ते जे करत होते त्याला आमच्याकडे काम म्हणतच नाहीत. काम म्हणजे फाईलमध्ये लिहिलेले.

गोटोच्या कामाचे महत्त्व मात्र मोजून दाखवता आले, हे त्याचे नशीब. २००३ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने ॲपलचे ११०० संगणक जोडून एक महासंगणक उभा केला. महासंगणकांची जी जागतिक क्रमवारी निघते त्यात तो तिसरा आला, आणि त्याच्या पोटात गोटोची लायब्ररी होती. ती क्रमवारीच मुळी समीकरणांची भली मोठी संच-सोडवणूक किती वेगाने होते यावर ठरते, तेव्हा गुणाकार करणाऱ्याला भाव येणारच. २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर लेख छापला. पेटंट कार्यालयाची नोकरी तोवर मागे पडली होती, तो टेक्सासमध्येच रमला होता. पुढे तो विद्यापीठ सोडून आधी मायक्रोसॉफ्टमध्ये आणि मग इंटेलमध्ये गेला.

आणि इथे ती रद्दीत गेलेली वही पुन्हा होणार होती. त्याच्यामागे गोटोब्लासचे काम थांबले. नवे प्रोसेसर येत राहिले, त्यांच्यासाठी लिहायला कोणी नाही. पण जाण्याआधी शेवटची आवृत्ती अशा परवान्याखाली खुली झाली होती की कोणीही ती घ्यावी, बदलावी, वाटावी. २०११ साली चिनी विज्ञान अकादमीच्या सॉफ्टवेअर संस्थेतल्या झांग श्यानयी यांनी ती उचलली. त्यांना चीनमध्ये बनलेल्या लूंगसन नावाच्या प्रोसेसरवर काम करायचे होते. त्यांनी तिला ओपनब्लास नाव दिले. आज ती जगभरातल्या लोकांच्या हातभाराने चालते. पायथन भाषेतून आकडेमोड करणारे असंख्य लोक नमपाय बसवतात तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा हीच मुकाट्याने येते. जपानी माणसाने अमेरिकेत लिहिलेले, चिनी माणसाने पुढे चालवलेले. या तिन्ही देशांचे एकमेकांशी किती जमते ते आपण रोज पेपरात वाचतो.

भाच्याने ती तयार न घेता मुळापासून बांधली, कारण सरांनी तसे सांगितले होते. आधी फोर्ट्रान भाषेचा कंपायलर बसवावा लागला, कारण लॅपॅकचा मोठा भाग अजून फोर्ट्रानमध्येच आहे. मग एकच आज्ञा, आणि काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. लायब्ररी आधी यंत्राला विचारते, तू कोण. त्याच्या जुन्या लॅपटॉपने हॅसवेल असे उत्तर दिले आणि मग हॅसवेलसाठी हाताने लिहिलेले तुकडे तेवढे वेचले गेले. वीसेक मिनिटांनी बांधणी पूर्ण झाल्याचे लिहून आले. मग त्याने दोन हजार गुणिले दोन हजारचा गुणाकार दोन्ही रीतींनी केला. त्याच्या स्वतःच्या साध्या प्रोग्रॅमला पाऊण मिनिट लागले. लायब्ररीने अर्ध्या सेकंदाच्या आत उत्तर दिले. तेच यंत्र, तेच आकडे. मी त्याला पुन्हा करायला लावले.

उत्तरे मात्र अगदी तंतोतंत जुळत नव्हती. पंधराव्या-सोळाव्या स्थानावरचा आकडा कुठे कुठे वेगळा. कोषागारातल्या माझ्या मैत्रिणींना हे वाचून झोप लागणार नाही. पण यंत्र प्रत्येक बेरजेनंतर शेवटचे स्थान पूर्णांकित करते, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की शेपूट किंचित बदलते. दोन्ही उत्तरे त्या मर्यादेत बरोबरच. आमच्याकडे एका पैशाच्या फरकासाठी अख्खे बिल परत येते, म्हणून मला हे पचायला दोन दिवस लागले.

मला राहून राहून एका गोष्टीचे नवल वाटते ते रजेचे. पेटंट कार्यालयातल्या कुणीतरी वरिष्ठाने त्या अर्जावर सही केली असेल. अर्जात काय लिहिले असेल? कोष्टकांचे गुणाकार जास्त वेगाने करण्यासाठी? आमच्याकडे असा अर्ज आला तर "यात कार्यालयाचे हित काय?" असा शेरा पडेल. तो शेरा लिहिण्याचा मसुदा करून ठेवायचे काम माझ्यासारखीकडेच येईल, आणि मी तो सुवाच्य अक्षरात करीन, हेही खरे.

ओपनब्लासच्या अनेक जुन्या फायलींच्या माथ्यावर आजही टेक्सास विद्यापीठाचे नाव आहे. गोटोचे नाव लायब्ररीच्या नावातून गेले. पण एक जागा राहिली. गुणाकाराला एकाच वेळी किती हात लावायचे हे लायब्ररीला सांगण्यासाठी एक सेटिंग असते. त्याला आता ओपनब्लासचे नाव आहे. मात्र कोणी जुन्या सवयीने गोटो-नम-थ्रेड्स असे लिहून दिले, तरी ती लायब्ररी अजून ऐकते.