पिंडारीच्या वाटेवरचे मुक्काम

डोंगरातली वाट पायांनी पडते हे खरे; पण ती लांबच्या पल्ल्याची व्हायची असेल तर तिला मुक्काम लागतात. पाठीवर ओझे घेऊन माणूस दिवसभरात जेवढे चालेल तेवढ्या अंतरावर पाठ टेकायची सोय नसेल, तर ती वाट कितीही देखणी असो, सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यापुरतीच राहते. आपल्याला हे नवीन नाही. आळंदीहून निघालेली पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम धरीत पंढरपूरला जाते, आणि कोणत्या तिथीला किती चुली पेटवायच्या हे त्या त्या गावाला कोणी कळवावे लागत नाही. वारी इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यातली ही व्यवस्था माझ्या कधी डोळ्यांत भरलीच नव्हती. ती भरली कुमाऊंच्या डोंगरात, पिंडारी हिमनदीच्या वाटेवर.

परीक्षा आटोपल्यावर मे महिन्यात आम्ही पाच जण बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीनला उतरलो. तिथून काठगोदाम आणि पुढे अल्मोड्यावरून जीपने बागेश्वर. हा प्रवास सगळेच करतात, त्यामुळे त्याचे वर्णन करून मासिकाची पाने अडवीत नाही.

पिंडारीची जुनी वाट लोहारखेतहून चढते. लोहारखेत ते धाकुरी अकरा किलोमीटर, धाकुरी ते खाती आठ, खाती ते द्वाली अकरा, द्वाली ते फुरकिया पाच आणि तेथून हिमनदीच्या तोंडाजवळचा 'झीरो पॉइंट' सात. हे आकडे मुद्दाम दिले. त्यांच्याकडे नीट पाहिले तर लक्षात येते, की जिथे चढ मोठा आणि हवा विरळ तिथे मुक्काम जवळजवळ आहेत आणि जिथे दरीच्या कडेने सरळ चालायचे तिथे लांब. नकाशावर पट्टी ठेवून ही ठिकाणे कोणी ठरवली नसावीत. दमलेल्या माणसांच्या पायांनी ठरवली असावीत. इंग्रजी अमदानीत या टप्प्यांवर सरकारी डाकबंगले झाले. पुढे १९७६ साली कुमाऊं मंडल विकास निगम स्थापन झाले आणि त्याची विश्रामगृहे उभी राहिली. तिथे खाट, रजई, गरम भात आणि राजमा मिळतो. कॉलेजच्या पोराला आणखी काय हवे! तंबू नाही, खेचर नाही, स्वयंपाक्यांचा ताफा नाही. पाठीवर कपड्यांची पिशवी टाकून बेळगावचा साधा मुलगा ३६०० मीटरांच्या वर जाऊन नंदाकोटच्या पायथ्याचे बर्फ पाहून येतो, तो या पाच मुक्कामांच्या जिवावर.

एक गोष्ट सांगायची म्हणजे, या हिमनदीच्या माथ्यावर ५३१२ मीटर उंचीची एक खिंड आहे. तिला ट्रेल पास म्हणतात, कारण १८३० साली ट्रेल नावाचा कुमाऊंचा इंग्रज कमिशनर तिथे गेला होता. पण खिंड आधी ओलांडून दाखवली ती सूपी गावच्या मलक सिंहाने. नकाशावर साहेबाचे नाव राहिले. वाटाड्याच्या वाट्याला बहुधा असेच येते, आणि पुढे मुक्कामाच्या बाबतीतही मला तोच प्रश्न पडला: वाट ज्यांच्या अंगणातून जाते त्यांच्या हाती काय राहते?

खातीला आम्ही बंगल्यात उतरलो नाही, एका घरात राहिलो. या वाटेवरचे हे शेवटचे गाव. पाटीच्या दगडांची उतरती छपरे, ओट्यावर रिंगाळाच्या, म्हणजे तिकडच्या बारीक बांबूच्या, टोपल्या विणत बसलेली माणसे. घरधन्याला आम्ही तिकडच्या रिवाजाप्रमाणे 'दाज्यू' म्हणू लागलो. दोन खोल्या त्यांनी पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. रात्री ताटात काळसर भाकरी आली. 'मडुवा' म्हणून दाज्यूंनी सांगितले. पहिला तुकडा मोडताच माझ्या शेजारचा खानापूरचा मित्र ओरडला, "अरे, ही तर आपली नाचणी!" त्यानंतर आमामध्ये आणि त्याच्यामध्ये भाकरी थापण्याच्या रीतीवरून जे संभाषण झाले ते कोणत्या भाषेत झाले हे दोघांनाही सांगता येणार नाही.

दाज्यूंचे बोलणे मात्र मी नीट ऐकून ठेवले आहे. २०१३च्या जूनमधल्या महापुरात पिंडर नदीवरचे पूल गेले, द्वालीच्या बाजूची वाट तुटली. वाट तुटली की हंगाम गेला, आणि हंगाम गेला की घरातला एकजण दिल्लीला हॉटेलात भांडी घासायला गेला. पुढे वाट दुरुस्त झाली. मग खर्कियापर्यंत जीप येऊ लागली. जीपने आलेला पाहुणा लोहारखेतला थांबत नाही, धाकुरीही त्याच्या वाटेत येत नाही. आम्ही हौसेने जुन्या वाटेने आलो होतो. लोहारखेतच्या चहावाल्याने आम्हाला ज्या अगत्याने बसवून घेतले, त्याचा अर्थ मला खातीत कळला. 'म्हणजे रस्ता झाला हे वाईट झाले?' असे मी विचारले. दाज्यू हसले. पूर्वी अडलेल्या बाईला डोलीत घालून उतरावे लागे, एवढेच ते म्हणाले. मी पुढे काही विचारले नाही. शहरातून चार दिवसांसाठी येऊन 'इथे रस्ता नको' म्हणणारी माणसे मला तेव्हापासून आवडत नाहीत.

नेपाळात अन्नपूर्णेच्या परिसरात १९८६ साली एक संवर्धन प्रकल्प सुरू झाला. तिथे गावोगावच्या लॉजवाल्यांच्या समित्या खोलीचे आणि जेवणाचे दर मिळून ठरवतात. त्यामुळे एकाने भाव पाडायचा आणि शेजाऱ्याने उपाशी मरायचे हा प्रकार टळतो. आपल्याच राज्यातले उदाहरण हवे असेल तर आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांना कुमारपर्वताबद्दल विचारा. (डोंगर चालत जाण्याला ते 'चारण' असा छान शब्द वापरतात, आपण मराठीवाले 'ट्रेक' म्हणून मोकळे होतो.) कुक्के सुब्रह्मण्यहून त्या १७१२ मीटरच्या शिखराकडे चढताना मध्येच 'भट्टर मने' लागते. मने म्हणजे घर. त्या एका घराने अनेक वर्षे वाटसरूंना भात-सांबार वाढले, आणि शिखराच्या जोडीने त्या घराचे नावही चालणाऱ्यांच्या तोंडी बसले. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेचेही तेच. जुलैत भर पावसात तिथे जाणारे आपल्या कॉलेजातही पुष्कळ आहेत. करपेवाडी-आंबेवाडीतल्या माणसांनी ओसरी दिली नाही तर बाजीप्रभूंचे नाव घेत निघालेले हे वीर रात्री कुठे जातील?

आता घरची गोष्ट. आमचे गाव जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या बाजूला. मलप्रभा जिथे उगम पावते तो हा मुलूख. पाऊस इतका, की चार महिने घोंगडी वाळत नाही. गावातली निम्मी तरुण पोरे गोव्यात कामाला. गेल्या वर्षापासून एक परगावचा गृहस्थ आमच्या माळाच्या दोन एकरांसाठी खेपा घालतो आहे. त्याला तिथे रिसॉर्ट बांधायचे आहे. पैसे एकरकमी देतो म्हणतो, शिवाय घरातल्या एकाला नोकरी. नोकरी कसली, तर पहारेकऱ्याची. आमच्याच माळावर.

पिंडारीहून परतल्यावर मी घरात खातीच्या त्या दोन खोल्यांबद्दल सांगितले. पश्चिमेकडे गंधर्वगड, पारगड, तिलारी, चोर्ला, कणकुंबी आणि खाली कॅसलरॉक अशी डोंगराच्या माथ्याने सात-आठ दिवसांची वाट मनात धरून पाहावी. पारगडावर तर शिवकालापासूनची वस्ती आहे. वाट तीन राज्यांतून जाणार आणि वाटेत भीमगडसारखी अभयारण्ये येणार, म्हणजे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येणार नाही, हेही मी सांगितले. भीमगडाला २०११ साली अभयारण्य जाहीर केल्यानंतर तिथल्या गावांना काय काय सोसावे लागले ते आमच्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वाघाच्या वाटेने माणसांची वाट नेऊ नये एवढे मलाही कळते. पण अभयारण्याबाहेर गावागावांना जोडणाऱ्या जुन्या पाऊलवाटा आहेत. बाजाराला, जत्रेला, सोयरिकीला माणसे त्यांवरूनच जात. त्यांवरचे काटे काढले, वळणावर दगडांना चुना फासला आणि प्रत्येक टप्प्याला दोन घरांत चार अंथरुणे घातली, तर लाखोंचा खर्च कुठे आहे?

आप्पाकाकांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "येणारे येतील दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. पावसाळ्यात काय, जळवांना जेवू घालायचे?" हा प्रश्न खरा आहे. पाहुण्यांच्या पैशावर वर्ष निघणार नाही. ते शेतीच्या जोडीला येणारे पैसे आहेत. बाबांचे म्हणणे आणखी वेगळे. जमिनीचे पैसे आले तर कर्ज एका दिवसात फिटेल, तुझी अंथरुणे ते कधी फेडणार? मी म्हटले, कर्ज फिटल्यावर माळ परत मिळणार नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत.

सर्वांत अवघड प्रश्न आईने विचारला, तोही चुलीकडे तोंड करूनच. "त्यांच्या अंघोळीचे पाणी कोण तापवणार?"

खातीला पहाटे चार वाजता मी जागा झालो तेव्हा घरात फक्त एक माणूस उठलेले होते, आणि ते दाज्यू नव्हते. त्यांची बायको धुरात बसून आमच्यासाठी पाणी तापवीत होती. संध्याकाळी लाकडाचा भारा तिनेच आणला होता. हिशेबाची वही मात्र दाज्यूंच्या खिशात. गावच्या घरात पाहुणे ठेवण्याची भलामण करणारे लोक, आणि त्यांत मीही आलो, हा भारा सहसा मोजत नाहीत. मी आईला म्हटले, पैसे तुझ्या हातात येतील. ती म्हणाली, "ते बघू."

तो गृहस्थ दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे. बाबांनी त्याला होकारही दिला नाही आणि नकारही. जनावरे विकल्यापासून आमचा गोठा रिकामा आहे. मागच्या रविवारी मी आणि थोरल्या भावाने तो मापून पाहिला: चार खाटा सहज बसतील, मागच्या अंगाला संडासाचा खड्डा खणावा लागेल, एक खिडकी पाडावी लागेल. आईने दारात उभी राहून सगळे पाहिले. तिची एकच अट आहे, पाहुण्यांनी आपापली ताटे आपण घासायची.